ओटी भरली, भट्टी विझली

मुक्काम मोटार,
श्रीवर्धन, सुपारीच्या बागांच्या मागे,
फेब्रुवारी १९५२

वडीलभावासारखे मेहुणे श्री. भागोजीराव यांस रावजीचा नमस्कार. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

आम्ही दोघे खुशाल आहोत. मोटार तितकीशी खुशाल नाही, पण तिच्या प्रकृतीचे पुढे सविस्तर येईलच. तुमचा खोकला कसा आहे? भाताच्या गिरणीतले तूस छातीत जाते आणि त्याने खोकला वाढतो, हे मी गेल्या खेपेला माणगावात तुम्हांला पुष्कळ वेळ समजावून सांगितले होते. तुम्ही मध्ये मध्ये खोकत होता म्हणून सगळे ऐकू आले नसावे. वहिनींच्या टाचेचे दुखणे थांबले का? त्यांच्या कानावर एक गोष्ट घालावी. गिरणीच्या मागची ती रिकामी खोली तुम्ही मोठ्या मनाने आम्हांला देऊ केलीत, आणि ती नाकारताना मी "चार भिंतींचे थडगे" असे काहीसे बोललो. वहिनींनी आदल्याच दिवशी ती स्वतःच्या हाताने सारवली होती, हे मला नंतर कळले. ते थडगे मी सर्वसाधारण खोल्यांना उद्देशून म्हटले होते, त्या खोलीला नव्हे. (खोलीचा विषय इथे संपला. पुन्हा काढणार नाही.)

आता मुळापासून सांगतो. राही दीड महिना माहेरी तुमच्याकडे राहिली, तेव्हा तिची बाजू तुम्ही ऐकलीच असणार. पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये हे न्यायाचे पहिले तत्त्व आहे, आणि माझी बाजू बोलायला लागलो की ती भलत्याच विषयावर जाते, म्हणून लिहून पाठवतो. आमच्या सावरकोंडात शाळा भरायची ती गावदेवीच्या मंडपात. मुलांपेक्षा शेळ्यांची हजेरी जास्त. त्यावर गावाची सभा झाली आणि मला बोलायला उभे केले. मी मनाशी ठरवून गेलो होतो की आपली पडवी शाळेला द्यायची. पडवी! याहून एक वीत जास्त नाही. पण बोलता बोलता विषय मालमत्तेवर आला. ज्या दिवशी माणसाने पहिली भिंत घातली त्या दिवशी त्याने अर्धे जग परके केले, ज्या दिवशी दार लावले त्या दिवशी शेजाऱ्याला चोर ठरवले, असे मी म्हणालो. (हे मी आजही म्हणतो. पुढे काहीही वाचलेत तरी हे विसरू नका.) टाळ्या पडल्या. भागोजीराव, टाळ्या ही फार वाईट वस्तू आहे. दारूवर बंदी आणली, टाळ्यांवर कुणी आणली नाही. त्या टाळ्यांच्या भरात मी "पडवी" म्हणायला तोंड उघडले आणि बाहेर पडले ते "घर". सगळे घर, ओटीपासून परसापर्यंत. मागून आमचा शेजारी रंगू ओरडला, "आणि तुम्ही कुठं ऱ्हाणार, रावजीबाबा?" आता त्याच आठवड्यात मी एका पुठ्ठा गेलेल्या जुन्या मासिकात वाचले होते की विलायतेत काही लोक मोटारीतच संसार करतात. वाचन माणसाला कुठे नेऊन सोडील याचा नेम नाही. मी हात वर करून म्हणालो, "चाकांवर!" पुन्हा टाळ्या.

दुसऱ्या दिवशी राही वालाच्या शेतातून टोपली घेऊन आली, तो मास्तरांनी तिच्या चुलीच्या वरच्या भिंतीला फळा ठोकलेला. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर मी उत्तर दिले असते. परसात गेली, तुळस मातीसकट खणून घमेल्यात घेतली आणि माणगावची वाट धरली. ते घमेले तुमच्या दारात उतरले इथून पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. तिचा निरोपही तुम्हीच मला कळवलात. चूल, मोरी आणि तुळस ज्यात मावेल अशी मोटार आणा, आठ दिवस राहून बघीन, जमले तर तुमच्या मागे जन्मभर फिरेन, न जमले तर मी दादाकडे कायमची आणि तुम्ही शाळेच्या पडवीत. म्हणजे माझा संसार आणि माझा शब्द, दोन्ही एकाच मोटारीत बसायचे होते आणि मोटारीचा पत्ता नव्हता. मी उलट निरोप धाडला होता की एक थोर ग्रीक तत्त्ववेत्ता जन्मभर पिंपात राहिला. तिने विचारले होते, त्याला बायको होती का? मी सर्व संदर्भ चाळले. नव्हती.

पहिली मोटार पनवेलजवळ मिळाली, लढाईतल्या गाड्या लिलावात काढतात तिथली. लष्कराची रुग्णगाडी. काय तिचे चाक, काय तिचा पत्रा! आत झोपायच्या फळ्या एकीवर एक, औषधांचे कपाट, पाण्याची टाकी. मी म्हणालो, युद्धाची वस्तू शांतीच्या कामाला लावणे याहून मोठा विचार कुठला? ती चालवून बघायला म्हणून म्हसळ्यापर्यंत आणली. तिच्या अंगावरचा तांबडा क्रूस पुसायचा राहून गेला होता. बाजारात गाडी उभी राहते न राहते तोच ठमाबाई नावाची एक म्हातारी मागचे दार उघडून आत चढली आणि खालच्या फळीवर आडवी झाली. मी तिला समजावले की बाई, हे इस्पितळ नाही, हे एका नव्या समाजरचनेचे बीज आहे. ती म्हणाली, "माजा ढोपार बघ आदी. मंग बीज बघू." मी निसर्गोपचारावर जे काही वाचले होते ते तिला सांगू लागलो. ती थोड्याच वेळात गाढ झोपली, आणि जागी झाल्यावर ढोपर हलके वाटते म्हणाली. तेवढे पुरले. बाहेर रांग लागली. त्यात एकाने बैल आणला होता. ती गाडी मी तुमच्या अंगणात आणली त्या दिवशी तुम्ही होताच. राहीने एकदा आत डोकावले आणि विचारले, "ह्याच्यात किती माणसं मेली?" मी गाडी त्याच पावली परत फिरवली.

दुसरी मोटार मोडलेल्या एका सर्कशीची. लॉरीवर पिंजरा बसवलेला, ऐसपैस, चहूकडून वारा. त्यात अस्वल राहत असे. अस्वल गेले होते, पण वास त्याच्याबरोबर गेला नव्हता. (मी तत्त्वनिष्ठ माणूस आहे, वासाला भीत नाही.) पण रस्त्यावरच्या गुरांना तत्त्व कळत नाही. लॉरी दिसली की बैल जू सोडून भाताच्या खाचरांतून पळत सुटत, गाडीवान माझ्या नावाने ओरडत, आणि कुत्री एका गावच्या हद्दीपासून दुसऱ्या गावच्या कुत्र्यांच्या स्वाधीन करीपर्यंत आमच्यामागे. घोणशाच्या घाटात एका माणसाने गजांतून आत बसलेल्या मला केळे दिले. मी ते खाल्ले, भूक लागली होती. पण त्या वेळी मनात आले की जन्मभर भिंतींविरुद्ध बोललो आणि शेवटी गजांआड बसून केळे खातो आहे, यात कुठेतरी विचारांची चूक आहे. ती लॉरी मी तुम्हांला दाखवलीच नाही. म्हणून हा परिच्छेद राहीला वाचून दाखवू नये.

तिसरी मात्र मिळाली! सरकारी गाड्या सुरू झाल्यावर आपल्या भागातल्या खाजगी बस एकेक बंद पडल्या. त्यांतली एक म्हसळ्याच्या तळ्यामागे चिंचेखाली उभी होती, कोंबड्या आत अंडी घालत होत्या. तिचा जुना ड्रायव्हर बुधाजी तिच्याजवळच बसलेला असे, गुरू मेल्यावर शिष्य समाधीपाशी बसतो तसा. बुधाजी दिवसातून चार शब्द बोलतो, तेही मोटारीशी. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा बसच्या पाठीला कोळशाची उभी भट्टी बसवीत आणि तिच्या गॅसवर इंजिन चालवीत, ते तुम्ही पाहिले असेल. ही त्यांतलीच. पेट्रोलची टाकी केव्हाच कुणी काढून नेली होती, राहिली ती भट्टी. सकाळी कोळसा घालायचा, पंखा फिरवायचा, धूर डोळ्यांत घ्यायचा, की अर्धी सकाळ सरता सरता मोटार खाकरते. चढावर बैलगाड्या मागे टाकून जातात, पण गाडीवान थांबून विचारपूस करतात, हा आपुलकीचा लाभ वेगवान मोटारीला कुठला? मी त्या भट्टीकडे पाहिले आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. चूल! मोटारीला स्वतःची चूल आहे! भट्टीच्या झाकणावर भाताचे टोप ठेवून पाहिले. म्हसळ्याहून निघालो तेव्हा तांदूळ होते, पहिल्या घाटमाथ्यावर भात झाला होता. मी टोप तसेच धरून तुम्हांला आणून दाखवले. राहीने शीत चेपून पाहिले आणि घमेले उचलले. तो माझ्या आयुष्यातला मोठा क्षण. त्या वेळी मी बोललो नाही, याची नोंद घ्यावी.

बुधाजी मोटारीबरोबरच आला. मग मोटार सजली. मागची बाके काढून मोरी केली, तळाला भोक पाडले. आता राहीने भांडी घासली की रस्त्यावर ओली रेघ उमटते, आणि आम्ही कुठल्या बाजूला गेलो हे विचारायची कुणाला गरज पडत नाही. तुळस टपावर, सामानाच्या कठड्यात. तिला प्रदक्षिणा कशी घालायची हा प्रश्न होता. राही खाली उतरून मोटारीलाच प्रदक्षिणा घालते, त्यामुळे आत झोपलेला बुधाजी रोज सकाळी पुण्यवान होतो. एक मात्र राहून गेले. कपाळावरची "म्हसळा–श्रीवर्धन" ही पाटी. बुधाजी ती काढू देईना. म्हणाला, "तिला वाईट वाटंल." परिणाम असा की वाटेत माणसे हात करतात. बुधाजीचा पाय सवयीने ब्रेकवर जातो. मग माणसे चढतात. आता ज्याने दाराविरुद्ध जन्मभर व्याख्याने दिली त्याने दारात उभे राहून "हे घर आहे, उतरा" म्हणावे? मी म्हणालो, या. ते आले. सुकटीच्या टोपल्या, सुपारीची पोती, दोन बोकड आणि आजारी मामा घेऊन आले आणि माझ्या खाटेवर बसले. एकदा तर त्याच खाटेवर एका मुलीचे लग्न जमले. मुलाकडच्यांनी मला विचारले, तुम्ही कुठल्या बाजूचे? मी लग्नसंस्थेच्या इतिहासावर चार शब्द सांगायला घेतले, तर मुलीचा बाप म्हणाला, "पावनं, जरा सरकून बसा." आपल्या घरात मला पाहुणा म्हणतात, भागोजीराव! पण हीच तर माझी शिकवण आहे. मी सरकून बसलो.

आठ दिवसांपैकी पहिले चार असे गेले. राही हो म्हणेना, नाही म्हणेना. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि मी दर संध्याकाळी शाळेच्या पडवीत आपले अंथरूण कुठल्या कोपऱ्यात पडेल याचा विचार करीत असे. पाचव्या दिवशी आम्ही हरिहरेश्वराच्या वाटेवरच्या एका कोळीवाड्यात मुक्काम केला. मी आल्या आल्या समुद्राकडे पाठ करून बोलायला उभा राहिलो, तर लोक म्हणाले, "आता कशाला आलाव? मतं दिली की आमी!" निवडणुका होऊन गेल्याचा हा तोटा आहे, कुणी निःस्वार्थ बोलू शकत नाही. राहीचे मात्र छान जमले. वेणूबाई म्हणून तिथली एक मोठी कोळीण आहे, तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, बायको, तिने राहीला मोटारीतून उतरवून घरी नेले, दोघी बोंबील निवडत बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या वाडीत माझे व्याख्यान ठरलेले. विषय, स्वावलंबन. तिथे मंडप घातला होता.

आता नीट वाचा, कारण इथे खरा घोटाळा आहे. त्या कोळीवाड्याचा रिवाज असा की मुक्कामाला आलेली सवाष्ण निघाली की तिची ओटी भरायची. आणि एकदा ओटी भरून ती वाटेला लागली की गावची शीव ओलांडीपर्यंत तिने पाय खाली टेकायचा नाही, आणि ती शिवेपार जाईपर्यंत निरोप द्यायला आलेल्या बायांनी घरी फिरायचे नाही. बायका जमल्या. वेणूबाईने तांदूळ, खण, नारळ असे राहीच्या पदरात घातले, मग दुसरीने, मग तिसरीने. मी रीतीरिवाजांच्या विरुद्ध आहे हे तुम्हांला माहीत आहे, पण राहीचे तोंड त्या वेळी असे उजळले होते की मी रिवाजांच्या बाजूने दहा शब्द बोललो. (थोडे जास्त झाले असतील.) राही ओटी सावरीत मोटारीत जाऊन बसली. मी बुधाजीला खूण केली. बुधाजी मागे गेला, भट्टीत डोकावला, पुढे आला आणि त्याचा दिवसाचा पहिला शब्द बोलला. "थंड."

झाले होते ते असे. ओटी भरायला उतरण्याआधी राहीने, घर सोडताना करतात तसे, चूल विझवली होती. पाण्याचा भरलेला हंडा भट्टीत ओतून, राख सारखी करून, वर हात जोडून. तिच्या आईने तिला शिकवलेच तसे. पेटत्या चुलीला पाठ दाखवून घराबाहेर पडायचे नाही. मी तिला काय बोलणार? मीच तिला मोठ्या अभिमानाने सांगितले होते की ही तुझी चूल! भट्टीतला सगळा कोळसा काढून, वाळवून, पुन्हा पेटवायचा म्हणजे दुपार उलटणार. राही म्हणाली, मग मी उतरून वेणूबाईकडे बसते. तिने पायरीवर पाय ठेवला मात्र, सगळ्या बाया एकदम ओरडल्या. "अगो बाय, वटी भरली न् आता पाय खाली टाकतंस? आमच्या गावाला लागंल तो!" राही पाय वर घेऊन बसली. उतरता येईना, जाता येईना. बायांना घरी फिरता येईना. घरी चुलीवर काही नाही, होड्यांतून आलेली मासळी उन्हात पडलेली, आणि कोळी पुरुष भाकरीची वाट बघत एकेक करून तिथे येऊन उभे राहू लागले. सगळे माझ्याकडे बघत होते.

अशा प्रसंगी माणसाने काय करावे? मी पायरीवर चढलो आणि बोलू लागलो. सामुदायिक संकट सामुदायिक प्रयत्नानेच सुटते, इत्यादी. तांडेल, म्हणजे वेणूबाईचा नवरा, ऐकत ऐकत पुढे आला. मला वाटले भारावला. तो म्हणाला, "बाबा, भाषण खाली उतरून करा. तेवढं वजन कमी होईल." मी उतरलो. आणि मग त्यांनी ती मोटार अशी धरली जशी पावसाळ्याच्या तोंडावर होडी किनाऱ्यावर ओढून घेतात. एकाने हाळी द्यायची, बाकीच्यांनी खांदा द्यायचा. पुरुष मागून, पोरे बाजूने, बाया पदर खोचून. राही आत, मांडीवर नारळांची रास, खिडकीतून सगळ्यांना "राहू दे, राहू दे, दमलाव" म्हणते आहे, आणि बुधाजी चाकाशी असा बसलेला जणू मोटार त्याच्याच इच्छेने चालली आहे. मीही खांदा लावला. भागोजीराव, आजवर मी ढकलणाऱ्यांच्या बाजूने पुष्कळ बोललो होतो, पण ढकलले कधी नव्हते. ढकलताना बोलता येत नाही. मला हे ठाऊक नव्हते.

शिवेवर एक काजूचे झाड आहे. तिथे मोटार पोचली, बायांनी हुश्श केले, वेणूबाईने झाडाला हात लावून नमस्कार केला. आता राहीने खाली उतरून पाय मोकळे करायचे, बुधाजीने कोळसा वाळत टाकायचा, असे ठरत होते. पण शिवेच्या पलीकडे उतार आहे हे कुणाच्या लक्षात राहिले नाही, आणि शेवटचा खांदा कोळ्यांनी मनापासून दिला होता. मोटार निघाली. ब्रेक होते, पण बुधाजीचे म्हणणे, इतक्या वर्षांनी ती आपण होऊन चालली होती, तिला थांबवणे बरे दिसले नसते. आम्ही बघत राहिलो. मोटार, टपावर तुळस, मागे मोरीच्या पाण्याची रेघ, आणि खिडकीत राहीचा हात. तो हात मदतीला हलत होता की निरोपाला, ते कळेना. त्या वेळी मी कुठल्याही विचाराचा नव्हतो. मी धावलो. चपला हातात घेऊन धावलो.

धापा टाकीत पुढच्या वाडीत पोचलो तो काय दिसले? उताराने मोटार थेट मंडपापर्यंत गेली होती आणि केळीच्या खांबांना हलकेच टेकून उभी होती. वाडीचे पुढारी विठोबा झेंडूचा हार घेऊन वक्त्याची वाट पाहत होते. मोटारीतून उतरली राही, ओटी भरलेली. त्यांनी हार तिला घातला. लोक गप्प बसून भाषणाची वाट पाहू लागले. राही म्हणाली, "ते मागनं येतायत. तवर उन्हात कशाला बसताव? आत या, घर बघा." एवढेच. ही राहीची पहिली जाहीर सभा, आणि तिला लोक उठून गेले ते तिच्याच घरात. मी पोचलो तेव्हा सगळी वाडी मोटारीसमोर रांग लावून होती. बाया आत जाऊन भट्टीच्या झाकणाला हात लावून बघत होत्या, मोरीच्या भोकातून खाली डोकावत होत्या, राही टपावरच्या तुळशीला पाणी घालून दाखवत होती आणि कोळीवाड्यातले नारळ फोडून वाटत होती. मंडपात एकच म्हातारा बसलेला. मी त्याच्यापुढे स्वावलंबनावर संपूर्ण व्याख्यान दिले. शेवटी त्याने कानाला हात लावून विचारले, "रांग सरली का हो?"

त्या संध्याकाळी मोटार पुन्हा पेटली. वाडीतल्या बायांनी ओटी भरली (या वेळी मी आधी भट्टीत डोकावून आलो) आणि आम्ही निघालो. राही मांडीवरचे खण एकावर एक लावत होती. मग खिडकीतून बघत म्हणाली, "लग्न झाल्यावर एकदाच ओटी भरून निघाले होते मी. आता दर गावाला." आठवा दिवस काल झाला. मी तिला विचारले, निकाल काय? तिने खणांचा गठ्ठा पेटीत ठेवला, घमेल्यातली उरलेली माती कठड्यातल्या तुळशीत ओतली आणि म्हणाली, "मी उतरायची न्हाय." ते रिकामे घमेले बुधाजीने कोळशाला घेतले.

तेव्हा भागोजीराव, विजय झाला! सावरकोंडात माझे घर शाळा झाले, इथे माझी मोटार घर झाली, माझा शब्द राहिला आणि बायकोही राहिली. भिंत पडली, दार उघडे झाले, ज्याला वाटेल तो चढतो, ज्याला वाटेल तो उतरतो. आत्ता हे पत्र लिहितो आहे तेव्हा माझ्या डाव्या हाताला श्रीवर्धनच्या एका गृहस्थांचे सुपारीचे पोते आहे आणि उजव्या हाताला ते गृहस्थ. ते वाचत आहेत. चांगले लिहिता म्हणाले. येत्या आठवड्यात माणगावच्या बाजूला येऊ. सर्वांस यथायोग्य सांगावे. अंगाला हवा लागू द्यावी आणि तुसापासून जपावे.

तुमचा,
रावजी

ता. क. — खोलीचा विषय पुन्हा काढणार नाही असे वर लिहिले आहे. तो काढत नाही. फक्त विचारतो, ती अजून रिकामीच आहे ना? माझ्या पुस्तकांची चिंता वाटते. परवा एका प्रवाशाने समाजशास्त्राच्या ग्रंथाची पाने सुकट बांधायला घेतली. मी त्याला अडवले नाही, कारण खाजगी मालकीवर माझी मते तुम्हांला ठाऊक आहेत. पण पुस्तकांची मते वेगळी असू शकतात.

ता. क. २ — त्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे का? पुस्तकांना आतून कडी कशाला, असे तुम्ही विचाराल. तुम्ही फार बारकाईने वाचता.

ता. क. ३ — उघडच लिहितो, गृहस्थ उतरून गेले आहेत. गेल्या आठ दिवसांत मी एकही पान सलग वाचलेले नाही आणि एकही तास एकटा बसलेलो नाही. जगातल्या सर्व भिंती पडाव्यात असे माझे अजूनही ठाम मत आहे. माझ्यासाठी चार तेवढ्या सर्वांत शेवटी पाडाव्यात. दुपारपुरते त्या खोलीत बसू दिलेत तर उपकार होतील. हे राहीला कळू देऊ नका, नाहीतर ती म्हणेल मी हरलो; आणि सावरकोंडात तर मुळीच नको. पत्राला डिंक नाही म्हणून राहीकडे दिले आहे, ती भाताची शिते लावून बंद करील. वाचणार नाही. मी तिला अक्षरे शिकवली खरी, पण जोडाक्षराला ती अजून अडते.

दादाला राहीचा नमस्कार. जोडाक्षरं सोडून वाचलं तरी कळतं. खोली दे त्यांना. वहिनीला सांग सारवू नको, मी येऊन सारवीन. कडी असू दे आतून. ते कडी लावून बसतील, पुस्तक उघडतील, मग थोड्या वेळानं मोठ्यानं बोलायला लागतील. गिरणीवरची माणसं खिडकीशी जमतील. मग तेच उठून दार उघडतील आणि म्हणतील, या, बसा. मला ठाऊक हाय. मी मोटार अंगणात लावीन, जेवायला त्यांनी मोटारीत यायचं. अस्वलाची लॉरी मला ठाऊक हाय, घोणशाच्या बाईनं सांगितली, केळं तिच्या नवऱ्यानं दिलेलं. आम्ही निघताना वहिनीनं ओटी भरायची घाई करू नये. आधी बुधाजीला विचारायचं, मग नारळ हातात घ्यायचा.